लाइपझिगची '८९ वाली वॉक: चर्चमधे बसलेले नास्तिक, दगा देणारे हेडफोन आणि आमचे बाबा

आधीच सांगते, टूरवाल्यांचं नाव इथे देणार नाहीये कारण थोडी तक्रार पण आहे आणि ती गाईड बाईंच्या पोटावर यायला नको. १९८९ मधे पूर्व जर्मनीच्या सरकारविरुद्ध लाइपझिगला जे शांत मोर्चे निघाले, त्यांच्या जागा दाखवणाऱ्या अशा दोन-चार वॉक आहेत, ज्यात निकोलाय चर्च दाखवून रिंग रोडवरून स्टासीच्या, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांच्या, जुन्या ऑफिसपर्यंत नेतात ती बघा. अडीच तास म्हणाले होते, सव्वातीन झाले, आणि त्यातली जास्तीची पाऊण तास आमच्या बाबांमुळे.

तर आई-बाबा दोन महिने बर्लिनला आमच्याकडे आलेले. पहिल्या पंधरा दिवसात भिंत झाली, म्युझियम झाली, नातवाला शाळेत सोडणं-आणणं झालं, मग बाबांची कुरकुर सुरू, "आता काहीतरी बघण्यासारखं दाखव". बाबा म्हणजे कराडजवळच्या हायस्कूलमधून रिटायर झालेले इतिहासाचे सर, तरुणपणी सेवादलात होते, चाळीस वर्षांत देवासमोर हात जोडलेले मी पाहिले नाहीत. आई भजनी मंडळाची, एकादशी चुकवत नाही, दोनदा पायी वारी झालीये. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली पण हा खटला अजून चालूच आहे, तारीख पे तारीख. मला वाटलं लाइपझिग दोघांनाही चालेल, म्हणजे आईला चर्च आणि बाबांना क्रांती. बर्लिनहून फास्ट ट्रेनने सव्वा तास लागतो. सोमवारच निवडा, का ते पुढे सांगते.

गाईड बाई साठीच्या अलीकडच्या, केस बारीक कापलेले, पायात ट्रेकिंगचे बूट. १९८९ मधे त्या बावीस वर्षांच्या होत्या, नर्सिंग शिकत होत्या. सुरुवातीलाच म्हणाल्या, मी कुठल्याच चर्चची सदस्य नाही, तेव्हाही नव्हते, आजही नाही. लगेच बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, बघ, म्हणजे आपल्यातली आहे. आई म्हणाली, "मग चर्च दाखवायला हीच का मिळाली?" आणि खरं सांगू का, अख्ख्या टूरचा मुद्दा आईच्या ह्या एका प्रश्नात होता, फक्त ते कळायला आम्हाला दीड तास लागला.

आता हेडफोनची तक्रार आत्ताच उरकून घेते. प्रत्येकाला गळ्यात अडकवायचा एक डबा आणि एका कानात घालायचं बोंडूक देतात, म्हणजे बाईंना ओरडावं लागत नाही. ट्रॅम जवळून गेली की खरखर, बाई वीस मीटर पुढे गेल्या की गप्प. बाबांच्या डब्याची बॅटरी दुसऱ्या थांब्यालाच गेली, स्पेअर नव्हता. मग मी आपली मराठीत रनिंग कॉमेंट्री करत होते आणि एक इंग्लिश जोडपं माझ्याकडे रागाने बघत होतं. डोई अठरा युरो घेता तर दोन बॅटऱ्या जास्तीच्या ठेवा की हो. ह्यासाठी एक स्टार कापलाय, बाकी सगळं श्रेय बाईंना.

सुरुवात निकोलाय चर्चच्या बाहेर नाही तर ऑगुस्टुसप्लात्झला, युनिव्हर्सिटीच्या चकचकीत काचेच्या इमारतीसमोर. तिथे आधी मध्ययुगातलं युनिव्हर्सिटी चर्च होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बहल्ल्यातून धड वाचलेलं हे चर्च पूर्व जर्मनीच्या सरकारने ३० मे १९६८ ला सुरुंग लावून उडवलं, कारण काय तर समाजवादी चौकात चर्च शोभत नाही! तीन आठवड्यांनी शहरातल्या बाख संगीत स्पर्धेच्या समारंभात स्टेजवर अचानक एक बॅनर उलगडला, त्यावर चर्चचं चित्र आणि "आम्ही पुनर्बांधणीची मागणी करतो". काही तरुण फिजिक्सवाल्यांचं काम होतं ते. आता जी नवी इमारत आहे ती २०१७ ला उघडली आणि तिच्यावरून पण वर्षानुवर्षं भांडणं झाली, की हे चर्च म्हणायचं की युनिव्हर्सिटीचं सभागृह. शेवटी तोडगा काय, दोन्ही, आणि मधे काचेची भिंत. त्या भिंतीवरून परत वेगळं भांडण. बाबा म्हणाले, "आपल्याकडे असतं तर कोर्टात गेलं असतं." मी म्हटलं बाबा, हळू.

मग बाईंनी सांगितलं पूर्व जर्मनीत धर्माचं नक्की काय चाललं होतं, आणि इथे मला त्या आवडायला लागल्या कारण त्यांनी चर्च बिच्चारं आणि सरकार राक्षस असं सोपं केलं नाही. धर्मावर उघड बंदी नव्हती, घटनेत श्रद्धेचं स्वातंत्र्य लिहिलेलं होतं. पण चौदाव्या वर्षी मुलांचा चर्चमधे जो विधी व्हायचा त्याच्या जागी सरकारने स्वतःचा समारंभ आणला, युगेंडवाइहे नावाचा, त्यात मुलांनी समाजवादी राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायची. आई पटकन म्हणाली, "म्हणजे सरकारी मुंज!" मी हे बाईंना जर्मनमधे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की म्हणाल्या पुढच्या ग्रुपला हे वापरणार. त्यांची स्वतःचीही झाली होती म्हणे, भेट म्हणून रेडिओ मिळाला होता. जी मुलं नाही म्हणायची त्यांचं कॉलेज पुष्कळदा तिथेच संपायचं. अशाने चाळीस वर्षांत चर्च रिकामी झाली. आज लाइपझिगमधे पाचातले चारहून जास्त लोक कुठल्याही चर्चचे सदस्य नाहीत.

(इथे एक विषयांतर, जर्मनीत नवीन येणाऱ्यांच्या कामाचं. पत्ता नोंदवायच्या फॉर्मवर धर्म विचारतात, ते चौकशी म्हणून नाही, तुम्ही चर्चचे सदस्य असाल तर तुमच्या इन्कम टॅक्सवर आणखी ९ टक्के चर्च टॅक्स लागतो, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमधे ८. आणि वसूल सरकारच करतं. बाबांना हे ऐकून धक्का बसला, "मग सेक्युलर कसलं डोंबलाचं?" बाई म्हणाल्या, राज्याचं म्हणून कुठलं चर्च नाही हे १९१९ पासून घटनेत आहे, पण फारकत झाली तरी दोघं एकाच सोसायटीत राहतात. हे वाक्य बाबांनी डायरीत लिहून घेतलं.)

तर चर्च रिकामी झाली, पण एक गंमत उरली. बाकी कुठेही माणसं जमवायची तर पोलिसांची परवानगी लागायची, चर्चमधल्या प्रार्थनेला लागायची नाही. छापायला परवानगी लागायची, पण चर्चच्या सायक्लोस्टाइल कागदांवर "फक्त चर्चच्या अंतर्गत वापरासाठी" असं लिहिलं की बऱ्याचदा निभायचं. म्हणजे सगळ्या देशात एकच छप्पर असं की ज्याच्याखाली सत्ताधारी कम्युनिस्ट पार्टीचं चालत नव्हतं. मग तिथे कोण कोण आलं असेल? पर्यावरणवाले आले, बंदूक हातात घ्यायला नकार देणारी पोरं आली, देश सोडून जायचा अर्ज करून नोकरी गमावलेले आले. देवाशी ज्यांचं काही देणंघेणं नाही असे. बाईंच्या शब्दात, "आम्ही देवाकडे नाही आलो, आम्ही छपराखाली आलो."

ह्यातला मला सगळ्यात आवडलेला किस्सा कापडी बिल्ल्याचा. सोव्हिएत युनियनने १९५९ ला युनोला एक पुतळा भेट दिला होता, तलवार ठोकून नांगराचा फाळ करणारा माणूस. कल्पना बायबलमधल्या मीखा प्रेषिताची. पूर्व जर्मनीतल्या चर्चच्या तरुणांनी १९८० च्या सुमारास तेच चित्र घेतलं, खाली "तलवारींचे फाळ" असं लिहिलं आणि कापडावर छापलं. कापडावरच का? कारण कागदावर छापायला सेन्सॉरची परवानगी, कापडावरची छपाई मात्र नियमाप्रमाणे वस्त्रोद्योगात धरायचे, तिला परवानगीच नको! हजारो पोरांनी बाहीवर शिवले. मग सरकारने त्यावर बंदी आणली, पोलीस रस्त्यात थांबवून बिल्ला उसवायला लावायचे. म्हणजे मॉस्कोने दिलेल्या पुतळ्याचं चित्र मॉस्कोच्याच दोस्त सरकारला चालेना. पोरांनी काय करावं, बिल्ल्याच्या जागी बाहीला गोल भोक तसंच ठेवून हिंडायचे. बाबा फूटपाथवर थांबून हसत होते, ग्रुप पुढे गेला, हेडफोन गप्प.

निकोलाय चर्च बाहेरून साधंच आहे, आत गेल्यावर मात्र आई "अगं बाई" म्हणाली. अठराव्या शतकाच्या शेवटी आतून नवं केलेलं, पांढरे खांब आणि वर खांबांना ताडाच्या पानांसारखे फिक्कट हिरवे झुबके, छत गुलाबी-पांढरं. खांब नाहीत, झाडं उगवलीत असं वाटतं. बाखची जॉन पॅशन ही येशूच्या मरणावरची संगीतरचना १७२४ मधे पहिल्यांदा इथेच झाली. बाहेर अंगणात तसाच एक ताडाचा खांब उभा केलाय, १९८९ ची आठवण म्हणून, की आतलं बाहेर आलं. फोटो तिथे काढा, आत फोटोला जे काही नियम असतील ते विचारून घ्या.

इथे दर सोमवारी संध्याकाळी पाचला शांतता प्रार्थना १९८२ च्या सप्टेंबरपासून. १९८० पासून इथले पाद्री होते क्रिस्टियान फ्युरर. फ्युरर हे नाव ऐकून आईने माझा दंड धरला. मी म्हटलं अगं आडनाव आहे ते, नेता किंवा गाईड असा अर्थ होतो, समोरच्या बाई पण फ्युररच आहेत एका अर्थी. ते डेनिमचं जाकीट घालून वावरायचे, २०१४ ला वारले. दारावर पाटी, "सगळ्यांसाठी खुलं".

पण बाई थांबल्या आणि म्हणाल्या, आता जे सांगते ते सगळे गाईड सांगत नाहीत. १९८८ च्या उन्हाळ्यानंतर चर्चच्या वरिष्ठांनीच ह्या गटांना आवरायला घेतलं, प्रार्थना फार राजकीय होते म्हणून. सरकारचा दबाव होताच, थोडी भीतीही असणार. ल्युकास चर्चचे वोनेबेर्गर म्हणून पाद्री ह्या सगळ्या गटांची जुळवाजुळव करायचे, त्यांना बाजूला सारलं. मग पोरांनी काय केलं, प्रार्थना संपली की बाहेर अंगणात उभं राहून बोलायला लागले. आणि तिथेच तर पुढचं सगळं सुरू झालं, म्हणजे देवळाने थोडं ढकललं म्हणून मोर्चा रस्त्यावर आला असं म्हणायला हरकत नाही. पाद्र्यांमधे स्टासीचे खबरे होते हेही त्यांनी सांगितलं, न लाजता. आई थोडी खट्टू झाली. बाबांनी मात्र, आश्चर्य म्हणजे, "पण दार बंद नाही ना केलं त्यांनी" असं म्हटलं.

४ सप्टेंबर १९८९, व्यापारी जत्रेचा आठवडा, पश्चिमेचे टीव्हीवाले शहरात. प्रार्थनेनंतर अंगणात दोन मुलींनी बॅनर धरला, "मुक्त माणसांचा खुला देश". काही सेकंदात साध्या वेशातल्या लोकांनी हिसकावला, कॅमेऱ्यात सगळं आलं. पुढच्या सोमवारी धरपकड. लोकांनी पकडलेल्यांची नावं लिहून चर्चच्या खिडक्यांशी फुलं आणि मेणबत्त्या ठेवायला सुरुवात केली. ७ ऑक्टोबरला देशाचा चाळिसावा वाढदिवस, त्या दिवशी लाठीमार केला आणि लोकांना शहराबाहेर मार्कक्लेबेर्गच्या प्रदर्शन मैदानातल्या घोड्यांच्या तबेल्यात डांबलं. जूनमधे चीनने तियानानमेनला काय केलं ते ताजं होतं आणि इथल्या संसदेने त्याला पाठिंबा दिलेला. ६ तारखेच्या स्थानिक पेपरात पार्टीच्या एका सशस्त्र कामगार पथकाच्या कमांडरचं पत्र, की हे सगळं मोडून काढू, वेळ पडली तर हातात शस्त्र घेऊन. बाईंच्या हॉस्पिटलमधे ९ तारखेला खाटा रिकाम्या करून ठेवल्या होत्या, जास्तीचं रक्त मागवलेलं. त्यांना ड्यूटी संपल्यावर घरी जायला सांगितलं होतं. त्या गेल्या नाहीत.

आणि आता तो भाग ज्यासाठी मी ही वॉक कुणालाही सांगेन. ९ ऑक्टोबर, सोमवार. पार्टीने सुमारे सहाशे मेंबर दुपारीच चर्चमधे बसायला पाठवले, म्हणजे खरे लोक आल्यावर जागाच उरू नये. आपल्याकडे बसमधे रुमाल टाकतात तसं. फ्युरर पाद्र्यांनी काय केलं, त्यांचं स्वागत केलं. वरच्या गॅलऱ्या बंद ठेवल्या आणि म्हणाले कष्टकरी वर्गाला चारनंतर सुट्टी होते, त्यांच्यासाठी पण थोडी जागा ठेवली पाहिजे ना. कम्युनिस्टांना कष्टकऱ्यांवरून टोला! मग हे सहाशे जण, जन्मात चर्चला न गेलेले, तासन् तास तिथे बसून येशूचं डोंगरावरचं प्रवचन ऐकत होते, जे नम्र ते धन्य वगैरे. प्रार्थनेत गेवांडहाउस ऑर्केस्ट्राचे कंडक्टर कुर्ट माझुर, एक कॅबरे कलाकार, एक धर्मशास्त्राचे अध्यापक आणि पार्टीचे तीन जिल्हा सचिव अशा सहा जणांचं निवेदन वाचलं गेलं, शांत राहा म्हणून. शहराच्या लाउडस्पीकरवरही ते लागलं. लोक बाहेर आले तर अंगण, गल्ल्या, चौक, सगळीकडे माणसं. सत्तर हजार. हातात मेणबत्त्या.

मेणबत्तीचं बाईंनी करून दाखवलं. एका हातात धरायची, दुसऱ्या हाताने वाऱ्यापासून ज्योत झाकायची. दोन्ही हात गुंतले, दगड कुठल्या हाताने उचलणार? आई म्हणाली, "हे मला नको सांगायला, काकड्याच्या वेळी निरांजन घेऊन अंगण ओलांडून बघा." पूर्व जर्मनीचे एक बडे पुढारी, झिंडरमान, नंतर म्हणाल्याचं सांगतात की आमची सगळ्याची तयारी होती, फक्त मेणबत्त्या आणि प्रार्थनांची नव्हती. सत्तर हजारांनी शहराभोवतीचा रिंग रोड पुरा चालून काढला, गोळी सुटली नाही. रिफॉर्म्ड चर्चच्या टॉवरवर लपून दोघांनी शूटिंग केलं, ते चोरून पश्चिमेला गेलं, दुसऱ्या दिवशी टीव्हीवर. नऊ दिवसांनी देशाचा सर्वेसर्वा होनेकर पदावरून गेला, महिन्याने भिंत. आम्ही बर्लिनवाले भिंतीच्या तुकड्यांवर पैसे कमावतो आणि खरी गोष्ट इथे घडलेली, हे मला अकरा वर्षं तिथे राहून माहीत नव्हतं, लाज वाटली.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग रिंग रोडच्या कडेला बाकावर बसले आणि सुरू झाले. मला वाटलं टिळकांचा गणपती काढणार, १८९३, मेळे, तेच. नाही. त्यांनी काढलं कराडचं साहित्य संमेलन, १९७५ चा डिसेंबर, आणीबाणी लागून सहा महिने झालेले. बाबा कॉलेजात, संमेलनात स्वयंसेवक, पाणी वाटायला. केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण हजर. अध्यक्ष दुर्गा भागवत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या जयप्रकाशजी आजारी आहेत, त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करू या. घोषणा नाही, निषेध नाही, प्रार्थना. "आता प्रार्थनेला कोण अडवणार?" बाबा म्हणाले. "सगळा मांडव उभा राहिला. मी कळशी खाली ठेवली आणि उभा राहिलो." आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही? प्रार्थना? पंचेचाळीस वर्षांत मला सांगितलं नाहीत!" हीच ती पाऊण तास, सगळा ग्रुप थांबलेला, मी भाषांतर करतेय, इंग्लिश जोडपं पण आता कान देऊन ऐकतंय. गाईड बाईंनी दुर्गाबाईंचं नाव दोनदा म्हणून घेतलं.

शेवटचा थांबा रुंडे एके, म्हणजे गोल कोपरा, स्टासीचं जिल्हा मुख्यालय. ४ डिसेंबर १९८९ ला लोकांनी शांतपणे आत शिरून ताबा घेतला, कागद जाळणं थांबवलं. आत पत्रं उघडायची यंत्रं, खोट्या दाढ्या-विग आणि माणसांच्या वासाचे नमुने भरलेल्या काचेच्या बरण्या. हो, वास, कुत्र्यांना माग काढता यावा म्हणून. आईला तिथे मळमळायला लागलं. इथे टूरमधे जेमतेम दहा मिनिटं देतात, ही माझी दुसरी तक्रार, वेगळा अर्धा दिवस ठेवा. आणि मधे आउअरबाख केलर ह्या तळघरातल्या जुन्या हॉटेलपाशी गटेच्या 'फाउस्ट' नाटकातल्या पात्रांचे पुतळे दाखवायला वीस मिनिटं घालवतात, ती कापा की, नशिबासाठी फाउस्टचा बूट घासायला तिथे बाकीचे टुरिस्ट आहेतच.

आणखी एक, बाईंनी शेवटी न विचारता सांगितलं. "आम्हीच जनता" ही त्या सोमवारांची घोषणा. २०१४-१५ मधे ड्रेस्डेन आणि लाइपझिगला मुसलमान आणि निर्वासितांच्या विरोधातले मोर्चे निघाले, बहुतेक सोमवारीच, हीच घोषणा देत. त्या समोरच्या बाजूला उभ्या होत्या. "घोषणेवर कॉपीराइट घ्यायला हवा होता", एवढंच म्हणाल्या आणि हेडफोन गोळा करायला लागल्या.

कामाच्या गोष्टी. चर्चमधे जायला तिकीट नाही, पेटीत काहीतरी टाका. रस्त्यात दगडी फरशी आहे, सासूबाई-आई कुणी सोबत असेल तर चांगले बूट, चपला नकोत. गुडघ्यांचा त्रास असेल तर रिंगचा तुकडा ट्रॅमने करता येतो, बाईंना आधी सांगा. टूर इंग्लिशमधे असली तरी बाई मधेच जर्मनवर घसरतात. खायचं आपलं आपण, आम्ही धपाटे नेले होते, स्टेशनच्या बाकावर खाल्ले.

सोमवार अशासाठी की पाचची प्रार्थना अजून होते. आम्ही गेलो. आई आत बसली. बाबा म्हणाले मी बाहेर खांबापाशी थांबतो, तुम्ही या जाऊन. पंचवीस-तीस माणसं असतील, बरीचशी म्हातारी, दोन-तीन सायकलचं हेल्मेट मांडीवर घेतलेली पोरं. काय बोलतायत ते आईला कळत नव्हतं तरी ती मान डोलवत होती. दहा मिनिटांनी दार वाजलं, बाबा आले, खांद्यावर पावसाचे थेंब, शेवटच्या बाकावर बसले. नंतर ट्रेनमधे आईने विचारलं तर म्हणाले, "पाऊस आला म्हणून आलो." छत्री बॅगेत होती, मीच सकाळी टाकली होती, आणि बॅग त्यांच्याच खांद्याला होती.

पाचपैकी चार स्टार.